रक्त किती वाजता दिलंत?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यानेच लिहून दिला आहे.)





आपल्या सेक्रेटरींनी मला फोन केला तेव्हा मी समजलो, वर्गणीसाठी असेल. पण ते म्हणाले, "यंदा आरतीनंतर अर्धा तास तुम्ही बोलायचं." मी म्हटलं, "मी डिप्लोमावाला, रुळावरचा माणूस. मी काय बोलणार?" ते म्हणाले, "गेल्या वर्षी तुम्ही त्या रक्ताच्या रिपोर्टवरून जो गोंधळ घातला होता, त्यावरच बोला." म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधीच मंडपात येऊन बसली आहे! तेव्हा आज मी माझ्याच फजितीची गोष्ट सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. जे सांगेन ते डॉक्टरांना विचारून आणि वर्षभर वाचून सांगेन. त्यात औषधोपचाराचा सल्ला नाही.

आधी माझी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा भुसावळचा. आमचे अण्णा लोको शेडमध्ये फिटर होते. २००४ साली त्यांना थकवा येऊ लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच निघाला. ब्लड कॅन्सर होता. सात महिन्यांत अण्णा गेले. तेव्हापासून आमच्या घरात कोणाचाही रक्ताचा रिपोर्ट आला की मी हिमोग्लोबिन बघत नाही, साखर बघत नाही. माझी नजर आधी एकाच ओळीवर जाते, ती म्हणजे टीएलसी. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या.

गेल्या वर्षी श्रावणात मला चार दिवस बारीक ताप होता. ताप उतरला, पण अंगात कणकण राहिली. डॉक्टरांनी सीबीसी करायला सांगितले. मी सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, शहरातल्या एका लॅबमध्ये रक्त देऊन आलो. दुपारी रिपोर्ट मिळाला. टीएलसी ३,९००. खाली छापलेली मर्यादा ४,००० ते ११,०००. आकड्यापुढे चांदणी, आकडा ठळक अक्षरात.

त्या एका चांदणीने मला दिवसा तारे दाखवले. सौ. म्हणाली, "शंभरानेच तर कमी आहे, डॉक्टरांना दाखवा." पण माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा पिवळा पडलेला चेहरा. मी डॉक्टरांकडे गेलो नाही. ड्युटी संपवून संध्याकाळी सहाला दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. ती लॅब दुसऱ्या मजल्यावर. मी जिना जवळजवळ धावत चढलो आणि चढल्या चढल्या हात पुढे केला. तिथला टीएलसी आला ५,३००.

आता सांगा, सकाळी ३,९०० आणि संध्याकाळी ५,३००. एकाच माणसाचे रक्त, एकच दिवस. इंजिनिअरच्या डोक्याने मी लगेच निकाल लावला की एक मीटर खराब आहे. आणि जो आकडा मला नको होता, त्याचाच मीटर खराब, हेही ओघाने आलेच. दुसऱ्या दिवशी पहिल्या लॅबमध्ये जाऊन मी जे काही बोललो, ते या मंडपात सांगण्यासारखे नाही. काउंटरवर जो मुलगा होता तो आपल्याच कॉलनीतला, मराठी, मला काका म्हणणारा. दहा-बारा पेशंट बसलेले होते, त्यांच्यासमोर मी त्याला म्हटले, "लोकांच्या जिवाशी खेळता तुम्ही. मोजता येत नसेल तर दुकान बंद करा." तो एवढेच म्हणाला, "काका, सँपल मी दोनदा चालवलं होतं." मी ऐकून न घेता निघून आलो.

त्या संध्याकाळी दोन्ही रिपोर्ट घेऊन मी आपल्या कॉलनीतल्या डॉक्टरकाकांकडे गेलो. ते निवृत्त आहेत, पण कॉलनीचे ओपीडी त्यांच्या व्हरांड्यातच चालते हे आपण जाणता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"रक्त किती वाजता दिलंत?"

मी वेळा सांगितल्या. ते म्हणाले, "तुम्ही पी-वेचे माणूस ना? रुळाच्या जॉइंटमधला गॅप मोजता तेव्हा रजिस्टरमध्ये काय लिहिता?"

मी म्हटलं, "गॅप, किलोमीटर, तारीख, वेळ आणि रुळाचं तापमान."

"तापमान कशाला?"

आता हे मला विचारायचे? मंडळी, आपल्यातले निम्मे लोक रेल्वेचे आहेत, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पोलाद तापले की वाढते. १३ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर साधारण साडेचार मिलिमीटर लांब होतो. जो गॅप पहाटे दिसतो तो दुपारी दिसत नाही. म्हणून आमच्याकडे तापमान न लिहिलेली गॅपची नोंद ही नोंदच नव्हे. मे महिन्यात दुपारी आमची माणसे रूळ वाकला का हे बघत फिरतात आणि थंडीत रात्री-पहाटे रूळ तुटला का हे बघत फिरतात. रूळ तोच असतो, पण त्याची दुपारची तऱ्हा वेगळी आणि पहाटेची वेगळी.

हे सगळे मी मोठ्या ऐटीत सांगितले. डॉक्टरकाका शांतपणे म्हणाले, "मग रक्ताच्या नोंदीत तुम्ही वेळ का बघितली नाहीत?"

मी गप्प बसलो.

त्यानंतर त्यांनी जे समजावले आणि मी पुढे जे वाचले, ते आता माझ्या भाषेत सांगतो.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या रोगप्रतिकारशक्तीची माणसे. त्यांत मुख्य पाच जाती. न्यूट्रोफिल हे जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणारे. लिम्फोसाइट म्हणजे ओळख ठेवणारे, अँटिबॉडी तयार करणारे, विषाणूने पछाडलेल्या पेशी मारणारे. मोनोसाइट हे साफसफाईवाले. इओसिनोफिल हे जंत आणि ॲलर्जी यांच्याशी संबंध असणारे, आणि बेसोफिल अगदी थोडे. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका बारीकशा थेंबात, म्हणजे एका घनमिलिमीटरमध्ये, या सगळ्या मिळून साधारण ४,००० ते ११,००० असतात.

आपण समजतो की रक्त ही एक टाकी आहे आणि त्यात ठरावीक पेशी भरून ठेवल्या आहेत. इथेच आपली चूक होते. रक्त हा हमरस्ता आहे, आपल्या भाषेत मेन लाइन. पेशी तयार होतात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात. ते आपले वर्कशॉप. लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर ही स्टेशने आणि यार्डे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही एका क्षणी रक्तात असतात शंभरातल्या जेमतेम दोन. बाकीच्या अठ्ठ्याण्णव यार्डात! न्यूट्रोफिलचे आणखी गमतीचे. रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकी सुमारे निम्म्या वाहत्या रक्तात नसतात, त्या वाहिन्यांच्या भिंतींना लागून रेंगाळत असतात, लूप लाइनवर उभ्या असलेल्या मालगाडीसारख्या. लॅबच्या सुईत येतात त्या फक्त मेन लाइनवरच्या.

आता समजा, कोणी मला विचारले की जबलपूर सेक्शनवर किती डबे आहेत, आणि मी एका लेव्हल क्रॉसिंगवर उभा राहून पाच मिनिटांत गेलेले डबे मोजून उत्तर दिले, तर? माझी मोजणी अगदी अचूक असेल. पण तेच मी चार तासांनी मोजले तर आकडा दुसरा येईल. डबे हरवलेले नसतात आणि नवे बनलेलेही नसतात. टाइमटेबल असते.

शरीराचेही टाइमटेबल आहे. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहून लहान अशा पेशींच्या दोन जुड्या आहेत. दोन्ही मिळून सुमारे २०,००० पेशी. तो आपला कंट्रोल ऑफिस. सकाळच्या उजेडावरून तो आपले घड्याळ लावतो आणि साऱ्या शरीराला वेळ कळवतो. त्यात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक मोठे काम करते. पहाटेपासून ते चढू लागते, जाग येण्याच्या सुमारास शिखरावर असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते.

कॉर्टिसॉल चढले की बऱ्याचशा लिम्फोसाइट, विशेषतः ज्यांना अजून शत्रू भेटलेला नाही अशा नव्या भरतीच्या टी-पेशी, रक्त सोडून अस्थिमज्जेकडे वळतात. म्हणून सकाळी रक्तात लिम्फोसाइट कमी दिसतात. रात्री कॉर्टिसॉल उतरले की त्या परत मेन लाइनवर येतात आणि मध्यरात्रीच्या आसपास त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. रात्रीच्या आकड्यापेक्षा सकाळचा आकडा पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी भरू शकतो. इओसिनोफिलची तऱ्हाही अशीच, सकाळी कमी आणि रात्री जास्त. न्यूट्रोफिल साधारणपणे सकाळी कमी असतात आणि दुपार-संध्याकाळकडे वाढतात.

यात एक उलटी गाडीही आहे. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवून दिले की सगळ्या टी-पेशी एका दिशेने जात नाहीत. शत्रूशी झुंज घेऊन तयार झालेल्या, ताबडतोब मारा करू शकणाऱ्या ज्या टी-पेशी असतात, त्या दिवसा रक्तात वाढतात, आणि त्यांना बाहेर काढते ॲड्रेनॅलिन. म्हणजे दिवसा आपण हिंडतो, खरचटते, धूळ खातो, तेव्हा लढवय्ये रस्त्यावर. रात्री आपण झोपतो तेव्हा नवी भरती रक्तात येते आणि तिथून लसिका ग्रंथींत जाऊन दिवसभरात पकडून आणलेल्या जंतूंची ओळख करून घेते. यामागे हाच हेतू असावा असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. दिवसा ब्लॉक मिळत नाही म्हणून आपण रात्री मेंटेनन्स करतो, तसेच काहीसे.

हे ज्ञान कालचे नाही. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होते. रक्ताच्या बाबतीत महत्त्वाचे नाव फ्रान्झ हालबर्ग यांचे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ते उंदरांच्या रक्तातले इओसिनोफिल मोजत असत. दोन गटांच्या उंदरांची तुलना करताना त्यांना एकदा मोठा फरक दिसला. पुढे दिवसाच्या दुसऱ्या वेळी मोजले तर फरक नाहीसा, आणि आणखी वेगळ्या वेळी चक्क उलटा! दुसरा कोणी असता तर माझ्यासारखा मोजणाऱ्यावर ओरडला असता. हालबर्ग यांनी वेळेचा विचार केला. त्यांनीच १९५९ साली या दैनिक तालाला 'सर्केडियन' हा शब्द दिला. लॅटिनमध्ये 'सर्का' म्हणजे सुमारे आणि 'डायस' म्हणजे दिवस. सुमारे एका दिवसाचे चक्र. पुढे पेशींच्या आत हे घड्याळ चालते कसे, याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. आपल्या देशातही मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर काम करून या शास्त्राची मोठी परंपरा उभी केली.

आणि हे केवळ उंदीर-वटवाघळांपुरते नाही. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक नावाचा मोठा प्रकल्प आहे. त्यातल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या रक्ताच्या नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. रक्त दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले आणि वर्षाच्या कोणत्या ऋतूत घेतले, दोन्हींनुसार प्रतिकारशक्तीच्या पेशींचे आकडे बदललेले दिसले.

आता कोणी म्हणेल, बदलले तर बदलले, बिघडले काय? बिघडते कुठे, तर जिथे आकड्याच्या रेषेवर निर्णय उभा असतो तिथे. एचआयव्हीच्या रुग्णांचे उदाहरण घ्या. त्यांच्या सीडी-४ नावाच्या लिम्फोसाइट मोजतात. एके काळी हा आकडा २०० च्या खाली गेला की औषध सुरू करावे असा नियम होता. पुढे ती रेषा ३५० वर आली. पण सीडी-४ सुद्धा दिवसाच्या वेळेनुसार हलतात, दुपारी बाराच्या सुमारास कमी आणि रात्री आठ-साडेआठच्या सुमारास जास्त. रेषेजवळच्या माणसाला एका वेळी औषध आणि दुसऱ्या वेळी 'पुढच्या महिन्यात या' असे होऊ शकत होते. म्हणूनच सीडी-४ दरवेळी शक्यतो त्याच वेळी, त्याच लॅबमध्ये तपासावे आणि एका आकड्यावर निर्णय घेऊ नये, असे डॉक्टरांना सांगितले जाई. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आकडा कितीही असो, सर्वांना औषध द्या असे सांगितले आणि आपल्या देशानेही ते २०१७ मध्ये स्वीकारले. औषध सुरू करण्यापुरती ती रेषा आता उरली नाही. पण केमोथेरपीच्या आधी न्यूट्रोफिल बघतात, तिथे रेषा आजही आहे.

आता माझ्या दोन रिपोर्टांकडे परत येतो. डॉक्टरकाकांनी मला कागदावर गणित करायला लावले. सकाळी न्यूट्रोफिल ५८ टक्के आणि लिम्फोसाइट ३३ टक्के. संध्याकाळी ५९ आणि ३२. टक्के जवळजवळ तेच! पण टक्के म्हणजे पेशी नव्हेत. एकूण आकड्याने गुणल्यावर सकाळच्या लिम्फोसाइट निघाल्या १,२८७ आणि संध्याकाळच्या १,६९६. न्यूट्रोफिल सकाळी २,२६२ आणि संध्याकाळी ३,१२७. म्हणून फक्त टक्के बघून खूश होऊ नये आणि घाबरूही नये. प्रत्यक्ष संख्या बघावी.

मी विचारले, "मग हा सगळा फरक घड्याळाचाच का?" ते म्हणाले, "नाही. तुम्ही जिना धावत चढलात ना? घाबरलेले होतात ना? ॲड्रेनॅलिन वाढलं. भिंतीला लागून उभ्या असलेल्या पेशी सुटून रक्तात आल्या. त्यात दोन लॅब, दोन मशिनं, त्यांचाही थोडा फरक. सगळं मिळून चौदाशे." म्हणजे ज्या ५,३०० च्या आकड्याला मी खरा मानून मिरवत होतो, त्यात माझी भीतीही मोजली गेली होती!

मग त्यांनी सांगितले, दोन-दोन आठवड्यांनी, सकाळी साडेसातलाच, त्याच पहिल्या लॅबमध्ये तीनदा रक्त द्या. आदली रात्र नीट झोपा, नाइट ब्लॉक असेल तर त्या दिवशी देऊ नका, रक्त देण्याआधी पंधरा मिनिटे शांत बसा. त्याप्रमाणे केले. आकडे आले ४,१००, ४,००० आणि ४,२००. बाकी सगळे व्यवस्थित. म्हणजे माझी मूळ प्रकृतीच खालच्या रेषेजवळची, आणि तापामुळे आणखी थोडी खाली गेलेली असावी. अण्णांचा आजार तो नव्हता.

यातले 'त्याच पहिल्या लॅबमध्ये' हे माझ्यासाठी सर्वांत अवघड होते. पहिल्या खेपेला गेलो तेव्हा तोच मुलगा काउंटरवर. मी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, बसा." रक्त घेतले आणि मग त्याने रजिस्टर उघडून मला दाखवले. माझ्या त्या दिवसाच्या नोंदीपुढे वेळ लिहिलेली होती, ०७:४०. शेरा होता की आकडा कमी आल्यामुळे सँपल पुन्हा चालवले आणि काचपट्टी करून मायक्रोस्कोपखाली पाहिली. मी माझ्या गँगकडून ज्या नोंदीची अपेक्षा ठेवतो, तशीच ती नोंद होती. फक्त रिपोर्टच्या कागदावर ती वेळ बारीक अक्षरात कोपऱ्यात होती आणि मी ती वाचली नव्हती. दहा माणसांसमोर त्याला बोललो होतो, माफी मात्र एकट्यात मागितली. म्हणून आज या दोनशे माणसांसमोर पुन्हा मागतो. तो इथेच आहे, मागे साउंड सिस्टिमजवळ. त्याचे नाव मी घेत नाही, त्याला आवडणार नाही.

आता रात्रपाळीविषयी थोडे, कारण इथे बसलेल्या कितीतरी घरांत लोको पायलट, स्टेशन मास्टर, ट्रॅक मेंटेनर, हॉस्पिटलच्या सिस्टर आहेत. रात्रपाळी लागली म्हणून शरीराचे घड्याळ त्याच रात्री फिरत नाही. त्याला बरेच दिवस लागतात, आणि तोवर आपली पाळी बदललेली असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पंधरा निरोगी तरुणांना सलग २९ तास जागे ठेवून वरचेवर रक्त तपासले. ज्या पेशींत न्यूट्रोफिल येतात त्या ग्रॅन्युलोसाइट जागरणाने वाढल्या आणि त्यांचा दिवस-रात्रीचा ताल बिघडला. शरीराने जागरणाला अंगावर आलेल्या संकटासारखे उत्तर दिले. आमचे लोक रात्रभर ब्लॉकमध्ये काम करून सकाळी 'जाता जाता' मेडिकलचे रक्त देऊन घरी जातात. घड्याळात सकाळचे आठ असतात, पण त्यांच्या शरीरात कोणते वाजलेले असतात कोण जाणे. तेव्हा निदान रक्त घेणाऱ्याला सांगावे, "भाऊ, मी नाइट करून आलोय." तो ते लिहून ठेवील आणि डॉक्टर त्या आकड्याकडे त्या नजरेने बघतील.

मी माझ्यापुरते जे नियम केले आहेत तेवढे सांगतो. रिपोर्टवर आधी वेळ वाचायची. जुन्या रिपोर्टशी तुलना करायची तर तीच वेळ, तीच लॅब. सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत ठेवायचे, कारण एका आकड्यापेक्षा चार आकड्यांची चाल जास्त सांगते. चालू असलेली औषधे, विशेषतः स्टिरॉइड, डॉक्टरांना सांगायची. त्यांनी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट, इओसिनोफिल कमी होतात, म्हणजे सकाळचे कॉर्टिसॉल करते तेच, पण जास्त जोराने. पांढऱ्या पेशींप्रमाणेच रक्तातले लोह, थायरॉइडचा टीएसएच, खुद्द कॉर्टिसॉल हेही वेळेप्रमाणे बदलतात. म्हणून तर कॉर्टिसॉल तपासायला सांगताना डॉक्टर 'सकाळी आठला' असे मुद्दाम लिहितात.

पण दोन गोष्टी बजावून सांगतो, नाहीतर माझ्या भाषणाने नफ्यापेक्षा नुकसान व्हायचे.

पहिली, वेळेने जो फरक पडतो तो माझ्यासारखा, रेषेच्या अलीकडे-पलीकडे करणारा. टीएलसी १,००० आला किंवा ५०,००० आला तर 'सकाळची वेळ होती' असे म्हणून घरी बसू नका. जॉइंटच्या गॅपमध्ये चार मिलिमीटरचा फरक तापमानाचा असतो. वीतभर फट दिसली तर रूळ तुटलेला आहे, तिथे थर्मामीटर काढत बसायचे नसते, लाल झेंडी दाखवायची असते. तसेच अंगात ताप असेल, डेंग्यूची साथ असेल, तर योग्य वेळेची वाट बघू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा, मध्यरात्रीसुद्धा, रक्त द्या.

दुसरी, आकडा चांगला यावा म्हणून वेळ निवडू नका. भाषणाआधी एका मित्राने मला बाजूला घेऊन विचारले, "मग मेडिकलच्या आधी संध्याकाळी जिना चढून रक्त दिलं तर?" मंडळी, दुपारी रूळ तापल्यावर गॅप मोजून 'सर्व ठीक' लिहिणारा माणूस मी पाहिला आहे. त्याची नोंद फार सुंदर होती. पण पहाटेच्या गाडीला त्या नोंदीचा काही उपयोग नव्हता.

शेवटी अण्णांविषयी एक. त्यांचे सारे रिपोर्ट माझ्याजवळ अजून आहेत. गेल्या वर्षी हे सगळे वाचल्यावर मी ते पुन्हा काढून बसलो. कुठेतरी वेळेचा घोळ असेल, कोणी आधी ओळखले असते तर, असे काही सापडते का बघत होतो. काही सापडले नाही. त्यांचा आकडा कोणत्याही वेळी भलताच होता. मी फाइल बांधून ठेवली, आणि बऱ्याच वर्षांनी त्या रात्री मला शांत झोप लागली. त्या झोपेत माझ्या लिम्फोसाइट टाइमटेबलप्रमाणे बाहेर पडल्या असतील अशी आशा आहे.

बालमित्रांनी फार वेळ धीर धरला. प्रसाद आता वाटायला हरकत नाही. 

गणपती बाप्पा मोरया!